चार माणसांचा दाखला

माझ्या भावाला अमेरिकेच्या ग्रीन कार्डाची लॉटरी लागली ती माझ्या हाताने. गाव हे विसरत नाही. अजूनही ऑक्टोबरात अर्ज सुरू झाले की बाया पोरांना आंघोळी घालून, केसांना पाणी लावून माझ्या कचेरीच्या पायऱ्यांवर येऊन बसतात आणि म्हणतात, दामिराताई, तुमचा हात लागू दे. मला माझ्या त्या हाताची शिसारी येते. मी सांगते इंटरनेट बंद आहे.

मी गावच्या कचेरीत कारकून आहे. घरांचं पुस्तक माझ्याकडे असतं. कोणत्या घरात किती माणसं, किती मेंढ्या, किती घोडे, कोण जन्मलं, कोण गेलं, सगळं त्यात. नवऱ्याला सोडून आईकडे परत आले त्याला एकोणीस वर्षं झाली, तेव्हापासून ते पुस्तक मीच लिहिते. जिल्ह्याच्या ठिकाणाहून, नारीनहून, तपासायला येणाऱ्या साहेबाने आजवर एकाही ओळीवर लाल शाई चालवलेली नाही. ग्रीन कार्डाचे फॉर्मही सगळं गाव माझ्याकडूनच भरून घ्यायचं, कारण कंप्युटर माझ्याकडे, आणि अक्कलही माझ्याकडेच आहे असा माझा समज होता.

त्या वर्षी शरदाच्या सुट्टीत तालाय, माझा धाकटा भाऊ, बायकोमुलांना घेऊन राजधानीतून, बिश्केकहून, आला होता. तो तिथे टॅक्सी चालवायचा, त्याची बायको जिपारा शिवणकारखान्यात दिवसभर बाह्या जोडायची. दोन मुलगे, एर्निस आणि दास्तान, आठ आणि सहा वर्षांचे. फोटोच्या मागे पांढरं लागतं म्हणून मी आईच्या पेटीतली चादर कचेरीत आणली आणि ती धरायला बेगायिमला स्टुलावर उभं केलं. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. दोन्ही हात वर करून ती अर्धा तास उभी होती आणि मागून पोरांना हसवत होती. दास्तानच्या फोटोत चादरीच्या कडेला तिची चार बोटं आली. मी ती कापून टाकली.

बेगायिम ही तालाय आणि जिपाराचीच पहिली मुलगी. पण आमच्याकडे पहिलं मूल आजीचं असतं. ती चाळीस दिवसांची झाली तशी माझ्या आईने तिला कुशीत घेतलं आणि ती आईची झाली. माझ्या आईला ती आई म्हणते, मला ताई म्हणते, तालायला दादा आणि जिपाराला वहिनी. यात गावात कोणाला काही वाटत नाही, दर चार घरांत असं एक मूल आहे. कोणी दत्तकपत्र करत नाही. जन्मदाखल्यावर जन्म देणाऱ्यांचीच नावं राहतात आणि तो दाखला पेटीच्या तळाशी पडून राहतो. पुस्तकात मात्र मी ते नीट लिहिलं होतं. एका पानावर उलकान, म्हणजे आई, घरातली कर्ती, खाली दामिरा, मुलगी, त्याखाली बेगायिम, मुलगी. पुढच्या पानावर तालायचं घर, माणसं चार.

फॉर्ममध्ये विचारलं होतं, मुलं किती. मी पुस्तक उघडलं आणि लिहिलं, दोन. तालाय शेजारी बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होता, त्याने वाचून मान हलवली. जिपारानेही वाचलं. बेगायिम चादरीची घडी घालत होती. आमच्यापैकी कोणालाही त्यात चूक दिसली नाही.

मेमध्ये नंबर लागला. त्यानंतर गावाने जे केलं ते मला अजून विसरता आलेलं नाही. कुंपणाच्या भांडणावरून सहा वर्षं तालायशी न बोललेला शेजारी मेंढी घेऊन आला. तालायच्या जुन्या कोटाची बटणं दोन दिवसांत गायब झाली, नशीबवान माणसाचं काहीतरी घरात असावं म्हणून. शाळेचे हेडमास्तर, चार माणसं ज्यांना उठून जागा देतात असे गृहस्थ, मेजवानीत माझ्या कानाशी लागून विचारत होते की कागदावर तालायची बायको बदलता येईल का. म्हणजे त्यांच्या मुलीला नेता येईल, आणि तिकडे पोचल्यावर काडीमोड घेतला की झालं. जिपारा तिथेच गुडघ्यांवर बसून त्यांच्या वाडग्यात चहा ओतत होती. तिने ऐकलं आणि चहा ओतत राहिली. हेडमास्तरांनी वाडगा घेतला आणि तिला दीर्घायुष्याचा आशीर्वाद दिला.

नोव्हेंबरात तालाय एकटाच आला. दारात बूट काढले, पण टोपी डोक्यावरच ठेवली, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी अंगाशी आलेलं आहे. बसल्या बसल्या त्याने बेगायिमला गाय बघायला पाठवलं. मग सांगितलं. बिश्केकमध्ये कागद तयार करून देणारी एक बाई होती. जिपारा तिच्यापुढे बोलता बोलता म्हणून गेली की थोरली मुलगी गावी सासूकडे असते. त्या बाईने हातातलं पेन खाली ठेवलं. पोटची सगळी मुलं लिहायची असतात, म्हणाली, बरोबर राहोत न राहोत, न्यायची असोत नसोत. एक जरी वगळलं तर सगळाच अर्ज रद्द.

"तू लिहिलंस, आता तूच निस्तर," तालाय मला म्हणाला.

"तू शेजारी बसला होतास."

"मी ड्रायव्हर माणूस. कागद हे तुझं काम."

त्याला माझ्याकडून एक दाखला हवा होता. कुटुंबात कोण कोण, एवढाच. तालाय, जिपारा, एर्निस, दास्तान. खाली माझी सही आणि कचेरीचा गोल शिक्का. त्या बाईने सांगितलं होतं की गावचा दाखला बरोबर असला की जुने जन्मदाखले उकरायला कोणी जात नाही. आणि कोणी विचारलंच तर म्हणायचं, मुलं दोनच.

मी म्हटलं, सरळ जाऊन खरं सांग. आमच्यात अशी रीत आहे म्हण, जन्मदाखला पुढे ठेव, मग काय व्हायचं ते होईल.

"म्हणजे सगळंच सोडू? तिकडे दोन पोरांचं आयुष्य मार्गी लागेल, त्यावर पाणी सोडू?"

"आणि तिसरीचं?"

"तिसरी आईची आहे," तो म्हणाला. "तुझ्याच अक्षरात आहे ते. मी तुला खोटं लिहायला सांगतच नाहीये. पुस्तकात आहे तसं उतरवून दे."

ते खरं होतं, आणि म्हणूनच मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. तिला आईच्या कुशीत दिली तेव्हा हाच तालाय गोठ्यामागे जाऊन रडला होता. आता तीच रीत त्याला खिशातल्या किल्लीसारखी कामाला येत होती.

आई पीठ मळत होती. ती वर न बघता म्हणाली, "चार लिही."

"आई, तुला कळतंय का हे काय आहे?"

"पाच लिहिलंस तर उद्या तिकडचे म्हणतील, पाचवी कुठाय, आणा तिला. मी ती चाळीस दिवसांची असताना घेतली आहे. आता मी कोणाला द्यायची नाही. चार लिही."

आता माझं सांगते. मी बराच वेळ खऱ्याखोट्याच्या गोष्टी केल्या, आवाज चढवला, तालायला नाही नाही ते बोलले. पण मनात माझ्याही आईचंच चाललं होतं. खरं सांगितलं आणि तिकडच्या लोकांनी मोठ्या मनाने चालवून घेतलं, तर बेगायिम जाणार. शाळा सुटल्यावर ती माझ्या कचेरीत येऊन बसते, माझ्याच टेबलावर गणितं सोडवते, शेगडीत शेणी घालते, मला दिवसभरात जे कोणी विचारत नाही ते विचारते. मला मूल झालं नाही, नवऱ्याने त्याचं खापर माझ्यावर फोडलं, आणि या पोरीने ते सगळं भरून काढलं. ती गेली असती तर मी आणि आई दोघीच त्या घरात एकमेकींची तोंडं बघत बसलो असतो. तालायने स्वार्थासाठी दाखला मागितला आणि मी स्वार्थासाठी दिला. फरक एवढाच की त्याने तसं उघड सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दाखला लिहून सही केली, शिक्का मारला, तेवढ्यात बेगायिम शाळेतून आली. कागद टेबलावरच होता. तिने दप्तर काढायच्या आधी तो वाचला.

"चार," ती म्हणाली.

"पुस्तकात चारच आहेत."

"मी कुठे आहे?"

मी पान उलटून दाखवलं. तिने आपल्या नावाखाली बोट ठेवलं, वर आईचं आणि माझं नाव वाचलं, आणि तिचा चेहरा निवळला. "मग बरोबर आहे," ती म्हणाली. थोड्या वेळाने गणित करता करता म्हणाली, "ताई, मला तिकडे जायचंच नव्हतं. पण कोणी विचारलं असतं तर बरं वाटलं असतं."

शिक्क्याची शाई ओली होती. ती पसरू नये म्हणून तिने वाकून त्यावर हळूहळू फुंकर घातली.

जानेवारीत त्यांची मुलाखत शेजारच्या देशात, अल्माटीला, अमेरिकेच्या वकिलातीत झाली आणि चौघांनाही व्हिसा मिळाला. तिथे काय विचारलं, काय सांगितलं, तो विषय त्यांनी काढलाच नाही. झालं एकदाचं, एवढंच तालाय म्हणाला. निघायच्या आदल्या दिवशी ते गावी आले. आईने तंदूरमध्ये चार नान लावले. लांब जाणारा माणूस नानचा एक घास दातांनी तोडतो आणि उरलेला नान घरात टांगून ठेवतात. तो परत येऊन उरलेला खाईपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. चौघांनी चावे घेतले. बेगायिमने स्टुलावर चढून चारही नान भिंतीवरच्या खिळ्यांना दोऱ्याने बांधले. जिपारा तिला मिठी मारायला गेली आणि मधेच थांबून नुसती तिची वेणी सारखी करून आली. मला त्याचं तेव्हा आश्चर्य वाटलं होतं.

मग शिकागोहून फोटो यायला लागले. पहिला फोटो कार्डांचा. चौघांनी आपापलं कार्ड हनुवटीखाली धरलेलं, आणि तालाय असा हसतोय की सगळे दात दिसतात. समोरचा अर्धा तुटलेला दातही दिसतो, लहानपणी घोड्यावरून पडला होता तो. फोटो गावभर फिरला, दुकानदाराने तो छापून गल्ल्यावर चिकटवला. घरी माझी मान वर झाली की भिंतीवर तालायचा नान दिसायचा आणि त्यात तोच तुटका दात उमटलेला असायचा. मला जेवण जाईना. मी आईला म्हटलं, हे नान कपड्यात गुंडाळून पेटीत ठेव. आई म्हणाली, तसं करत नाहीत, आणि रोज सकाळी त्यांच्यावरची धूळ पुसत राहिली.

तालाय ट्रक चालवायला लागला. रविवारी ट्रकमधूनच फोन करायचा आणि आम्हाला शहाणपण शिकवायचा. तिकडे रस्ते कसे, शाळा कशा, पोलीस कसा हात पुढे करत नाही. "इकडे कायद्याचं राज्य आहे, ताई," असं एकदा म्हणाला. "इकडे खोटं खपत नाही. आपल्या लोकांना ते कधी कळायचं नाही." मी फोन आईच्या हातात दिला आणि गोठ्यात निघून गेले. शेण काढलं, तेव्हा बरं वाटलं.

ते गेल्याला वर्ष उलटलं त्या मार्चमधली गोष्ट. रविवार सकाळ, आई चहा ओतत होती, बेगायिम आतल्या खोलीत रजया रचत होती. फोन वाजला तो जिपाराचा. ती एकटी कधी फोन करत नसे. मी फोन मुरंब्याच्या वाटीला टेकवून ठेवला. तिकडे रात्र पडली होती आणि जिपाराचे डोळे सुजलेले होते. ती एका म्हातारीला सांभाळायला जायची, तिला न्हाऊ घालायची, भरवायची. ती म्हातारी त्या दुपारी हिच्याच हातांवर गेली होती. म्हातारीची मुलगी आली, तिने आईकडे बघायच्या आधी विचारलं, अंगठ्या कुठे आहेत.

मला वाटलं ती म्हातारीसाठी रडतेय. मी तोंडदेखलं काहीतरी समजावू लागले.

"ताई, मला शिक्षा झाली आहे," ती म्हणाली. "त्या बाईचे डोळे मिटताना मला सारखी आपली बेगायिम दिसत होती. मीच तिला मारली ना."

"काय बोलतेस तू?"

मग तिने अल्माटीचं सांगितलं. आधी दवाखान्यात तपासणी झाली. डॉक्टरने सहज विचारलं, बाळंतपणं किती, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, तीन. डॉक्टरने कागद बघितला, त्यावर मुलं दोन. त्याने वर बघितलं. हिची बोबडी वळली. पहिली गेली, ती म्हणाली. डॉक्टरने तसं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी मुलाखतीला, उजवा हात वर करून शपथ घेतल्यावर, खिडकीतल्या बाईने तोच कागद बघून विचारलं, पहिल्या मुलाचं काय झालं. तेव्हा तालाय पुढे झाला.

"मुलगी होती, असं हे म्हणाले," जिपारा सांगत होती. "जन्मली तशीच गेली म्हणाले. भर जानेवारी होता, जमीन इतकी गोठलेली होती की खड्डा खणायला मला दोन दिवस लागले म्हणाले. एवढं कोणी विचारलंही नव्हतं, ताई. त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने आम्हाला सांगितलं की तुमच्या दुःखाबद्दल वाईट वाटतं. यांनी तिचे आभार मानले."

बेगायिमचा जन्म जूनमधला. त्या दिवशी कुरणात गुडघाभर गवत होतं आणि तालायने मला ओरडून हाक मारली होती ती अजून माझ्या कानात आहे. ज्या माणसाने ते गवत तुडवत धावत येऊन बातमी दिली, त्याच माणसाने उभ्या उभ्या तिच्यासाठी बर्फात खड्डा खणला. अंगावर घाण उडावी तसं मला झालं. आईच्या हातातली चहाची धार वाडग्याबाहेर पडत होती आणि तिचं लक्ष नव्हतं.

मी फोन बंद केला. जिपारा अजून बोलत होती.

बेगायिम दारात उभी होती. हातात रजई होती. किती वेळ उभी होती माहीत नाही, पण सगळं ऐकलेलं होतं हे दिसत होतं. तिने आत जाऊन ती रजई जागेवर ठेवली, वरून थापटून सारखी केली आणि परत आली.

"दाखल्यावरचा शिक्का तुझाच होता ना, ताई?"

"माझाच."

"आणि मी त्याच्यावर फुंकर घातली होती," ती म्हणाली.

मला तिला जवळ घ्यायचं होतं. माझे हात पुढे झाले नाहीत, आणि झाले असते तरी तिने घेऊ दिलं नसतं. तिने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, भिंतीशी ठेवलं आणि वर चढली. मुलांच्या दोन नानांना तिने हात लावला नाही. जिपाराचा आणि तालायचा, तेवढे दोन दोरे सोडले.

"हात लावू नकोस, बाळ," आई म्हणाली. "माणसं वाटेत अडकतात."

"ती वाटेत नाहीत, आई. पोचली आहेत."

वर्षाचे नान, ते हाताने मोडेनात. तिने मटण तोडायचा सुरा आणला आणि फळीवर ठेवून दोन्हींचे तुकडे केले. दोन वाट्या घेतल्या, दोन्हींत तुकडे टाकून वर मिठाचा दुधाळ चहा ओतला. जिपाराच्या नानची वाटी तिने स्वतःपुढे ठेवली. तालायची माझ्यापुढे सरकवली.

"हा तुझा," ती म्हणाली.

ती खाऊ लागली. रडली नाही, घाईही केली नाही. एकेक तुकडा चहात दाबून मऊ करत होती आणि गिळत होती. आईने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. माझ्या वाटीत एक तुकडा वर तरंगत होता, चाव्याच्या कडेचा, आणि त्यात तो तुटका दात अजून स्पष्ट दिसत होता. धुरकट वास येत होता, शिळ्या चरबीचा आणि धुळीचा. मी चमचा घेतला आणि आधी तोच तुकडा तोंडात टाकला. तो टाळ्याला चिकटला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी मी गिळला.

बेगायिमची वाटी संपली होती. ती समोर मांडी घालून माझ्याकडे बघत बसली. मी एकेक करून सगळे तुकडे खाल्ले आणि तळाचा चहाही पिऊन टाकला.